खालच्या स्वराचे धनी

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मंडळाचा इतिहास यावा, खमरियाच्या वसाहतीच्या आठवणी याव्यात, गणेशोत्सवाच्या आणि नाटकांच्या हकीकती याव्यात, हे रीतीस धरूनच आहे. अशा पंक्तीत अमेरिकेतील डेट्रॉइट शहराच्या एका गिटारवादकाला पाट मांडून बसविले, तर कित्येक वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील, याची आम्हांस कल्पना आहे. तथापि लेख शेवटपर्यंत वाचल्यास या पाहुण्याचे आपल्याशी काही नाते आहे, आणि त्याच्या निमित्ताने आपल्याच घरातील एक देणे फेडावयाचे राहून गेले आहे, हे ध्यानात येईल अशी आशा आहे.

प्रथम गावांचे नाते पाहू. जबलपूर हे कारखान्यांचे शहर. तोफगाड्यांचा कारखाना १९०४ सालचा. खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना दुसऱ्या महायुद्धाच्या निकडीतून १९४२-४३ च्या सुमारास उभा राहिला. पुढे १९६९ साली वाहनांचा कारखाना आला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत जबलपूर आणि नागपूर ही एकाच राज्यातील शहरे होती आणि राजधानी नागपूर होती. त्यामुळे विदर्भाकडील मराठी माणसाला नोकरीसाठी इकडे येणे म्हणजे परमुलखात जाणे वाटत नसे. पुढे राज्याची वाटणी झाली, सीमारेषा मध्ये आली, आणि घरे होती तेथेच असूनही आपण महाराष्ट्रापासून दूरचे ठरलो.

डेट्रॉइटची कथा पुष्कळशी अशीच आहे. मोटारींच्या कारखान्यांमुळे ते शहर वाढले. दुसऱ्या महायुद्धात त्याच कारखान्यांतून मोटारींऐवजी रणगाडे आणि विमाने बाहेर पडू लागली. कामगार हवे होते, आणि ते दक्षिणेकडील कापसाच्या प्रदेशातून आले. त्यांत कृष्णवर्णीयांची संख्या मोठी होती. शेतमजुरीतून आणि वर्णद्वेषाच्या जाचातून सुटका व्हावी म्हणून ही कुटुंबे उत्तरेला येत होती. येताना त्यांनी बरोबर आणले ते आपले देऊळगाणे, म्हणजे चर्चमध्ये टाळ्या वाजवून म्हणावयाची भजने, आणि शेतावरची दुःखाची गाणी. आपल्या माणसांनी वळकटीबरोबर अभंगाची वही आणि पेटी आणली, तसेच हे होय. भजनाची आर्तता आणि नाचाचा ठेका यांच्या मिलाफातून जे संगीत निर्माण झाले, त्याला ‘सोल’ म्हणजे आत्म्याचे संगीत असे नाव पडले.

डेट्रॉइटमध्ये या संगीताला घर मिळाले ते बेरी गॉर्डी या गृहस्थामुळे. गॉर्डी हे काही काळ फोर्ड कंपनीच्या लिंकन-मर्क्युरी कारखान्यात जुळणीच्या पट्ट्यावर काम करीत होते. १९५९ साली त्यांनी कुटुंबाच्या सामाईक निधीतून ८०० डॉलरांचे कर्ज काढून ध्वनिमुद्रिकांची कंपनी सुरू केली. मोटार-नगरी या अर्थाने पुढे तिचे नाव ‘मोटाऊन’ असे रूढ झाले. वेस्ट ग्रँड बुलेवार्डवरील २६४८ क्रमांकाचे एक साधे दुमजली घर हेच तिचे कार्यालय आणि ध्वनिमुद्रणालय. पूर्वी तेथे छायाचित्रकाराचा स्टुडिओ होता. कारखान्यात पट्ट्याच्या एका टोकाला नुसता सांगाडा यावा आणि दुसऱ्या टोकाने चकचकीत मोटार बाहेर पडावी, त्याप्रमाणे एका दाराने अनोळखी पोरगा आत यावा आणि दुसऱ्या दाराने गाजलेला गायक बाहेर पडावा, अशी गॉर्डी यांची कल्पना होती. ती बव्हंशी खरी ठरली. स्टीव्ही वंडर, मार्व्हिन गे, डायना रॉस ही जगाला ठाऊक असलेली नावे त्याच घरातून बाहेर पडली.

परंतु पट्ट्यावर काम करणाऱ्यांची नावे मोटारीवर कोरलेली नसतात. छतापासून लोंबणाऱ्या तारांमुळे ज्या खोलीला तेथील मंडळी ‘सापांचा खड्डा’ म्हणत, त्या खोलीत दहाबारा वादक दिवसरात्र बसत. आपसांत त्यांनी स्वतःला ‘फंक ब्रदर्स’ असे नाव घेतले होते. गायक बदलत, गीतकार बदलत. वादक मात्र तेच. तबकडीवर गायकाचे नाव येई, गीतकाराचे येई, कंपनीचे तर येईच. वादकांचे येत नसे. खमरियातील वाचकाला याचे नवल वाटू नये. येथून बाहेर पडलेल्या मालावर खात्याची खूण आणि साल असे. तो कोणत्या हातांनी भरला, याची नोंद त्यावर कधीच नव्हती.

या वादकांतील एक जेम्स जेमरसन. जन्म २९ जानेवारी १९३६, दक्षिण कॅरोलिनातील एडिस्टो बेटावर. १९५४ साली तो आईच्या पाठोपाठ डेट्रॉइटला आला आणि शाळेत असतानाच पुरुषभर उंचीचे डबल बेस हे वाद्य वाजवू लागला. पुढे १९६० च्या दशकारंभी त्याने हाती घेतले ते विजेवर चालणारे बेस गिटार. हे वाद्य कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांनी १९५१ साली बाजारात आणले होते. साध्या गिटारीला सहा तारा, तर याला चार, आणि त्याही जाड. सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. आपल्याकडील उपमा द्यावयाची तर तानपुऱ्याचा खर्ज आणि तबल्याचा डग्गा ही दोन कामे हे एकच वाद्य करते. गाण्याचा षड्ज कोठे आहे हे ते सांगते, आणि पाऊल कोठे पडावयाचे आहे हेही तेच सांगते. स्वर आणि ताल यांमधला सांधा म्हणजे हे वाद्य होय. सांधा चांगला जमला म्हणजे तो दिसत नाही; म्हणूनच त्या वाद्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

आमचेही कधी गेले नव्हते. १९५२ साली सुरू झालेली रेडिओ सिलोनवरील बिनाका गीतमाला ऐकत आमची पिढी वाढली. ट्रान्झिस्टरचा कर्णा तळहाताएवढा. त्यातून खालचे स्वर धड बाहेरच पडत नसत. गायकाचा आवाज, सतार, बासरी, व्हायोलिने एवढे ऐकू येई आणि गाणे ऐकल्याचे समाधान वाटे. पायाचा दगड मातीखाली असतो. तो दिसत नाही म्हणून तो नाहीच, असे समजून आम्ही कित्येक वर्षे इमारतीचे कौतुक करीत होतो.

जेमरसनचे काम ऐकण्याची जी संधी पुढे जगाला मिळाली, तिचे कारण यंत्रात आहे. मोटाऊनमध्ये आरंभी तीन आणि १९६५ च्या सुमारास आठ समांतर पट्ट्यांची ध्वनिफीत वापरात आली. रुंद रस्त्यावर वाहनांसाठी निरनिराळ्या मार्गिका आखाव्यात, तशा एकाच फितीवर आवाजाच्या निरनिराळ्या मार्गिका. एकीवर गायक, दुसरीवर ताशे-ढोल, तिसरीवर बेस. शेवटी सर्व मिसळून तबकडी काढावयाची. आणखी एक विशेष असा की, बेस गिटारीसमोर ध्वनिग्राहक न ठेवता तिची तार सरळ मुद्रणयंत्राला जोडीत. त्यामुळे त्या मार्गिकेवर खोलीतला गोंगाट आला नाही. या मूळ फितींतील बेसची तेवढी मार्गिका पुढे सुटी करून रसिकांच्या हाती आली, आणि गाण्याच्या पोटात दडलेले दुसरे गाणे प्रथमच स्वच्छ ऐकू आले.

हे सुटे वादन ऐकणे हा एक विलक्षण अनुभव आहे. १९६७ सालचे मार्व्हिन गे आणि टॅमी टेरेल यांचे डोंगर ओलांडून येण्याचे वचन देणारे युगुलगीत घ्यावे, किंवा १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेले स्टीव्ही वंडर यांचे ‘फॉर वन्स इन माय लाइफ’ घ्यावे. गायक नाही, ढोल नाही, तंतुवाद्यांचा थाट नाही. प्रथम कानाला चुकल्याचुकल्यासारखे होते. नेपथ्य काढून घेतलेल्या रंगमंचावर एकच नट उभा असावा तसे. मग हळूहळू उमगू लागते. साधा वादक एका आवर्तनात ठरावीक चार स्वर वाजवून मोकळा होईल. हा मनुष्य एक आवर्तन दुसऱ्यासारखे क्वचितच वाजवितो. दोन स्वरांमधली उडी तो सरळ मारीत नाही. मधल्या पायऱ्यांवर, कोमल-तीव्र स्वरांना चाटून, नेमक्या क्षणी घरी पोहोचतो. पुष्कळदा बोट तारेवर पडते, पण स्वर उमटत नाही, केवळ एक बोथट थाप उमटते. तबलजीने बोल न वाजविता नुसती बोटे फिरवावीत, तसा तो प्रकार. समेच्या अर्धी मात्रा आधी उतरणे, समेवर मुद्दाम गप्प बसणे आणि ऐकणाऱ्याच्या मनात ती सम वाजू देणे, या आपल्या बैठकीतल्या खुब्या तेथे अनोळखी माणसाच्या हातून ऐकताना अंगावर काटा येतो.

आणि हे सर्व एका बोटाने. डबल बेस वाजविण्याच्या सवयीमुळे जेमरसन उजव्या हाताची केवळ तर्जनी वापरीत असे. सोबत्यांनी त्या बोटाला ‘आकडा’ असे नाव ठेवले होते. १९६२ सालच्या बनावटीच्या आपल्या गिटारीच्या तारा तुटल्याखेरीज तो बदलीत नसे. जुन्या, मळलेल्या तारांचा धातूचा खणखणाट जातो आणि मऊ, गोल नाद उरतो. तारांखाली स्पंजाची पट्टी दाबलेली असल्यामुळे स्वर लांबत नाही. आपले सांगून झाले की थांबतो. जाणकार याला कलावंताचा विक्षिप्तपणा म्हणोत. आम्हांस त्यात आपल्या हत्याराची ओळख पटलेला कारागीर दिसतो. कारखान्यात ज्यांनी एकच कानस वर्षानुवर्षे जपून वापरली, त्यांना हे समजावून सांगावयास नको.

जेमरसन हा काही एकटाच नव्हे. दक्षिणेकडे मेंफिस शहरात एका जुन्या चित्रपटगृहात ‘स्टॅक्स’ नावाची कंपनी चालत असे. तेथील बेसवादक डोनाल्ड डन. ओटिस रेडिंग यांच्या गीतांखाली त्याचे वादन आहे. जेमरसन वेलबुट्टी काढणारा, तर डन मोजके बोलणारा. लागतील तेवढेच स्वर, पण प्रत्येक खिळ्यासारखा पक्का. ज्या शहरात वर्णभेद पाळला जात होता, तेथे डनच्या चौघांच्या वाद्यवृंदात दोन गोरे आणि दोन कृष्णवर्णीय होते, ही गोष्ट लहान नव्हे. त्याच मेंफिसमध्ये ४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. बाहेर शहर जळत असताना आत चौघांनी एक लय धरून ठेवणे म्हणजे काय, याची कल्पनाच करावी.

जेमरसनची अखेर मात्र चांगली झाली नाही. १९७१ साली मार्व्हिन गे यांच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या तबकडीच्या वेष्टनावर त्याचे व इतर वादकांचे नाव प्रथमच छापले गेले. शीर्षकगीताच्या वेळी त्याला रात्री एका क्लबातून शोधून आणावे लागले, आणि बसवेना म्हणून त्याने जमिनीवर उताणे पडून वाजविले, असे सांगतात. दारूने त्याला ग्रासले होते, हे लपविण्यात अर्थ नाही. १९७२ साली कंपनी लॉस एंजलिसला गेली. डेट्रॉइटचे वादक मागे राहिले. जेमरसन कंपनीच्या मागोमाग गेला, पण नव्या शहरात त्याचा जम बसला नाही. मार्च १९८३ मध्ये कंपनीच्या २५ वर्षांचा सोहळा मोठ्या थाटाने साजरा झाला. ज्याच्या वादनावर त्या वैभवाचा पाया उभा होता, तो मनुष्य त्या संध्याकाळी तिकीट विकत घेऊन वरच्या सज्जात बसला होता, असे त्याच्याविषयी लिहिणारे सांगतात. त्यानंतर पाच महिन्यांच्या आत, २ ऑगस्ट १९८३ रोजी, वयाच्या ४७ व्या वर्षी तो वारला.

मान मिळाला तो मागाहून. १९८९ साली अ‍ॅलन स्लट्स्की यांनी त्याचे वादन स्वरलिपीत उतरवून चरित्रासह प्रसिद्ध केले. २००० साली अमेरिकेतील रॉक संगीताच्या सन्मानमंदिरात साथीदारांसाठी वेगळे दालन उघडले, तेव्हा पहिल्या मानकऱ्यांत त्याचे नाव होते. २००२ साली त्या वादकांवर चित्रपट निघाला. हयात असलेले म्हातारे सोबती त्यात पुन्हा एकत्र बसून वाजवू लागले. जेमरसन तेवढा नव्हता.

रौप्यमहोत्सवाच्या दिवशी सज्जात बसलेल्या त्या माणसाची गोष्ट वाचल्यापासून आमच्या मनाला स्वस्थता नाही. महोत्सव हे स्मरणासाठी असतात. पण व्यासपीठावर जागा मोजकी असते, आणि विस्मरणाचा आरंभही पुष्कळदा तेथेच होतो.

परदेशाची निंदा करून आपण मोकळे होऊ नये. आपल्या मुंबईत काय घडले? हिंदी चित्रपटगीतांच्या सुवर्णकाळात वाद्यवृंदांचा कणा होता तो गोव्याहून आलेल्या वादकांचा. चर्चमधील शाळांत स्वरलिपी शिकलेली ही मंडळी हॉटेलांतील बँडमधून चित्रपटांत आली. शंकर-जयकिशन यांच्या गीतांचा भव्य वाद्यमेळ लिहून काढणारे सेबॅस्टियन डिसोझा. पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांना, म्हणजे आपल्या सी. रामचंद्रांना, ‘अलबेला’ या १९५१ सालच्या चित्रपटात साह्य करणारे हळदोण्याचे चिक चॉकलेट, मूळ नाव अँटोनियो झेवियर वाझ. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात बेस गिटार वाजविणारे टोनी वाझ. यांतील किती नावे आपण घरात कधी उच्चारली? माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. ‘अमर अकबर अँथनी’ या १९७७ सालच्या चित्रपटातील गाण्यात शिष्याने गुरूचे नाव अजरामर केले. आणि आपण? आपण ते एका काल्पनिक विनोदी पात्राचे नाव समजून पस्तीस वर्षे नाचलो. गोन्साल्विस २०१२ साली निवर्तले.

मराठी बोलणाऱ्यांपैकीच एक दत्ताराम वाडकर. जन्म १९२९, गोव्याचा. शंकर-जयकिशन यांच्याकडे ढोलक आणि ताल सांभाळणारे सहायक. त्यांनी बसविलेल्या एका खास ठेक्याला मुंबईचे वादक ‘दत्तूचा ठेका’ म्हणूनच ओळखत. एखाद्या वादकाच्या नावाने ठेका चालावा, हा मोठाच मान. पण तो वादकांच्या खोलीपुरता. बाहेरच्या श्रोत्याच्या कानी तो ठेका हजारदा पडला, दत्तूचे नाव एकदाही पडले नाही. दत्ताराम २००७ साली वारले.

येथे एक मोठा फरक ध्यानात घ्यावयास हवा. मुंबईत पुष्कळ वर्षे अख्खा वाद्यवृंद आणि गायक एकाच वेळी, एकाच दालनात वाजवीत आणि गात. ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये मीनू कात्रक यांच्यासारखे ध्वनिमुद्रक ध्वनिग्राहकांची जागा इंचाइंचाने हलवून तोल साधीत. एकाची चूक झाली की सर्वांना पुन्हा पहिल्यापासून. सारे आवाज एकाच मार्गिकेत कायमचे मिसळून जात. त्यामुळे डेट्रॉइटच्या वादकाची मार्गिका जशी पुढे सुटी करता आली, तशी मुंबईच्या वादकाची सुटी करण्याची सोयच नव्हती. दुधात विरघळलेली साखर वेगळी कशी काढावी? त्यांचे नाव वेष्टनावर नव्हते, आणि त्यांचा स्वरही स्वतंत्रपणे कोठे उरला नव्हता.

नाव मिळते ते कोणीतरी विचारले म्हणजे. १९४९ साली ‘महल’ चित्रपटातील लता मंगेशकरांच्या गाण्याची तबकडी निघाली, तेव्हा तिच्यावर गायिका म्हणून नाव होते ‘कामिनी’; म्हणजे पडद्यावरील पात्राचे. श्रोत्यांनी आकाशवाणीकडे पत्रे धाडून हा आवाज कोणाचा अशी चौकशी केली, तेव्हा खरे नाव सांगितले गेले. जुन्या नाट्यरसिकांची रीत याहून उदार होती. बालगंधर्वांच्या गायनाची गोडी सांगताना ते कादरबक्षांची सारंगी आणि अहमदजान थिरकवांचा तबला यांचे नाव घेतल्याशिवाय पुढे जात नसत. साथीदाराचे नाव घेणे हा आपल्याकडे शिष्टाचार नव्हता; तो ऐकण्याचाच भाग होता. तो आपण केव्हा सोडला, हे आम्हांस सांगता येत नाही.

आता आमचे देणे. १९८० च्या दशकातील एका गणेशोत्सवात आम्ही खमरियात एक नाट्यपद म्हटले होते. तरुण वय, मांडवात गर्दी, आणि समोर वडीलधारी मंडळी. पद रंगले. अंतऱ्यानंतर मुखड्यावर आलो तेव्हा मोठी टाळी पडली, आणि ‘काय समेवर आलास!’ अशी शाबासकी कितीतरी दिवस मिळत राहिली. त्या कार्यक्रमाची कॅसेट घरी जपून ठेवली होती. तिच्या डबीवर आम्हीच आपल्या हाताने पदाचे नाव लिहिले, साल लिहिले आणि स्वतःचे नाव लिहिले.

अलीकडे संगणकाची एक नवी किमया निघाली आहे. एकात एक मिसळलेले आवाज तो अंदाजाने वेगळे करतो. २०१९ साली एका फ्रेंच कंपनीने असा कार्यक्रम सर्वांस खुला केला. जॉन लेनन यांच्या एका जुन्या घरगुती कॅसेटवरील आवाज पियानोपासून वेगळा काढून बीटल्सचे अखेरचे गाणे २०२३ साली प्रसिद्ध झाले, तेही याच जातीच्या युक्तीने. मागील दिवाळीत आमचा नातू घरी आला असता त्याने आमची कॅसेट संगणकात भरली. ‘आजोबा, तुमचा आवाज एकीकडे काढतो, बाकीचं दुसरीकडे,’ असे म्हणून त्याने चार वाटे केले. यंत्राला तबला ठाऊक नव्हता. डग्ग्याचा घुमारा ऐकून त्याने तो बेस गिटार आहे असे समजून खालच्या स्वरांच्या वाट्यात घातला. नातू हसला. आम्हीही हसलो. मग नुसता तो वाटा लावला, आणि हसणे थांबले.

गायक नाही, पेटी नाही. केवळ डग्ग्याची खर्जातील चाल. सोळा मात्रांचा त्रिताल, शांत, एकसारखा. अंतरा संपण्याच्या जागी आवर्तन अकस्मात चौदा मात्रांतच आटोपले. चूक वाटली म्हणून आमचा आवाज परत जोडून ऐकला. चूक होती, पण ती वादकाची नव्हती. आम्ही उत्साहाच्या भरात मुखडा दोन मात्रा आधीच उचलला होता. ज्याने तबला धरला होता, त्याने ते तत्क्षणी ओळखले, दोन मात्रा गिळल्या आणि आम्हांस समेवर पोहोचविले. आम्ही समेवर आलो नव्हतो. सम आमच्याकडे आणून दिली गेली होती. टाळी पडली ती आमच्यासाठी. त्याने मान वर करूनही पाहिले नसेल.

चाळीस वर्षे आम्ही ज्या शाबासकीवर जगलो, ती दुसऱ्याची होती, हे वृद्धपणी कळणे सोपे नाही. त्याहून अवघड गोष्ट अशी की, तो दुसरा कोण, हेच आम्हांस आठवेना. नेहमीचे तबलजी त्या रात्री पाळीवर होते, एवढे पक्के स्मरते. त्यांच्या जागी ऐन वेळी कोणी तरुण बसला होता. आम्ही वसाहतीतील दोन वयोवृद्ध सद्गृहस्थांना तो वाटा ऐकविला. दोघांनीही डोळे मिटून ऐकले. एकाने एक नाव घेतले, दुसऱ्याने दुसरे. ज्यांची नावे घेतली ते दोघेही निवृत्त होऊन केव्हाच खमरिया सोडून गेले आहेत. खात्री झाल्याशिवाय नाव छापणे म्हणजे एका अन्यायावर दुसरा अन्याय करणे होय. म्हणून या लेखात ते नाव नाही. ती जागा आम्ही मोकळी ठेवीत आहोत.

वाचकांस दोन विनंत्या कराव्याशा वाटतात. पहिली, ऐकण्याविषयी. घरात चांगला कर्णा किंवा कानाला लावावयाचे साधन असेल तर आवडते जुने गाणे लावावे आणि एकदा तरी गायकाकडे लक्ष न देता, सर्वांत खालचा स्वर पकडून त्याच्या मागोमाग शेवटपर्यंत जावे. प्रथम तो हातून निसटेल. तिसऱ्या-चौथ्या वेळी सापडेल. एकदा सापडला की ते गाणे पुन्हा पूर्वीसारखे ऐकू येणार नाही. अधिक चांगले ऐकू येईल.

दुसरी विनंती आपल्या फितींविषयी. आपल्यापैकी अनेकांच्या कपाटांत गणेशोत्सवाच्या, नाटकांच्या, कोजागिरीच्या कॅसेटी आणि छायाचित्रे पडून आहेत. त्यांवर पाहुण्यांची आणि गायकांची नावे असतील. कृपा करून ती बाहेर काढावीत आणि तबला कोणी वाजविला, पेटीवर कोण होते, पडदा कोणी ओढला, प्रॉम्पटिंग कोणी केले, हे ज्यांना आठवते ते हयात आहेत तोवर विचारून, पाठीमागे पेन्सिलीने का होईना, लिहून ठेवावे. संगणक आवाज वेगळा करू शकतो. नाव सांगू शकत नाही. ते काम माणसांचेच.

आणि कोणाला १९८० च्या दशकातील त्या गणेशोत्सवाच्या रात्री, नेहमीच्या तबलजींच्या ऐवजी, तबल्यावर कोण बसले होते हे निश्चित ठाऊक असेल, तर त्यांनी मंडळाकडे दोन ओळी लिहाव्यात. ते गृहस्थ जेथे असतील तेथे जाऊन आम्ही त्यांना ती फीत ऐकवू. कॅसेटच्या डबीवर आमच्या नावाच्या वर त्यांचे नाव लिहावयाचे आहे.